वक्ते न बोलावता दोन दिवसांची परिषद, कोणी केलीय का?

कोरा_फळा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहूनच काढते.

विशेष मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांचा आमचा एक गट आहे. वर्षातून एकदा दोन दिवस भेटतो, साधारण १२० जण असतात. आत्तापर्यंत सगळं नेहमीसारखं, म्हणजे उद्घाटन, बीजभाषण, मग ओळीने व्याख्यानं, प्रत्येकाला ४० मिनिटं, त्यातली ३५ स्लाइडची आणि शेवटची ५ प्रश्नांची, आणि ती ५ सुद्धा आधीचा वक्ता लांबल्यामुळे हमखास गेलेली. गेल्या वेळी मी आयोजनात होते म्हणून पहिल्यांदाच सभागृहाच्या मागे उभं राहून बघितलं. निम्मे लोक फोनमध्ये. आणि चहाच्या सुट्टीत बघितलं तर एक बाई सांगत होत्या की त्यांच्या वर्गातला अजिबात न बोलणारा मुलगा चित्रांच्या कार्डांवरून स्वतःहून मागायला कसा लागला, आधी कुठे चुकलं, मग काय बदललं. भोवती सात-आठ जणी उभ्या, एक तर वहीत लिहून घेत होती. आणि एवढ्यात मीच जाऊन "चला चला, पुढचं सत्र सुरू होतंय" म्हणून सगळ्यांना आत पाठवलं. ते मला अजून टोचतंय.

त्या बाई आमच्या व्यासपीठावर कधीच आल्या नसत्या, कारण आम्ही गोषवारा मागवतो आणि त्यांनी तो पाठवलाच नसता.

तर प्रश्न असा की ज्याला अनकॉन्फरन्स म्हणतात, म्हणजे कार्यक्रम आलेल्या लोकांनीच तिथल्या तिथे ठरवायचा, तसं कोणी केलंय का? १२० लोकांना झेपतं का? गोंधळ होत नाही का? आणि पूर्णच बदलावं की थोडं थोडं? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

जुनी_पायवाट

धागा काढलात ते फार बरं केलंत. चहाच्या सुट्टीचं तुम्ही जे लिहिलंय ना, नेमकं तिथूनच हा सगळा प्रकार सुरू झालाय.

हॅरिसन ओवेन नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. १९८३ मध्ये त्यांनी एक आंतरराष्ट्रीय परिषद भरवली, तयारीत वर्ष गेलं, निबंध, वक्ते, जागा सगळं केलं, आणि शेवटी सगळ्यांचं म्हणणं पडलं की सर्वात चांगलं काय होतं तर कॉफीच्या सुट्ट्या. त्यांनी ते मनावर घेतलं. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे त्याच परिषदेच्या तिसऱ्या खेपेला वक्ते नाहीत, छापील कार्यक्रम नाही, सगळे एका गोलात बसले आणि ज्याला जो विषय काढायचा असेल त्याने तो कागदावर लिहून भिंतीवर लावायचा, एवढंच. याला पुढे ओपन स्पेस म्हणायला लागले.

मी स्वतः चार-पाच वेळा ओपन स्पेस चालवलंय. पद्धत अशी की भिंतीवर मोठा तक्ता आखायचा, आडवे वेळा आणि उभ्या जागा. समजा तुमच्याकडे ८ कोपरे आहेत आणि दिवसाला ४ वेळा, तर ३२ घरं झाली, १२० माणसांत एका वेळी एका कोपऱ्यात सरासरी १५ जण. ही चर्चेला उत्तम संख्या आहे. मधे कागद आणि जाड पेनं ठेवायची. ज्याला विषय काढायचाय त्याने उठून लिहायचं, आपलं नाव सांगून मोठ्याने वाचायचं आणि जाऊन रिकाम्या घरात चिकटवायचं. विषय काढणारा त्यातला तज्ज्ञ असायची गरज नाही, "मला हे जमत नाहीये, कोणाला जमलंय का" हाही विषय चालतो, किंबहुना तेच विषय सर्वात जास्त भरतात.

चार तत्त्वं सांगितली जातात. जे आले तेच योग्य लोक. जे घडलं तेच घडण्यासारखं होतं. सुरू झालं तीच योग्य वेळ. आणि संपलं की संपलं. पहिल्यांदा वाचताना ही गुळगुळीत वाटतात, पण आयोजकाच्या जागी उभं राहिलं की कळतं, तीन माणसं आली म्हणून वाईट वाटून घेऊ नका आणि २० मिनिटांत विषय संपला तर उगाच तासभर ताणू नका, एवढा सरळ अर्थ आहे.

आणि एक नियम, दोन पायांचा. जिथे तुम्ही काही शिकत नाही आणि काही देतही नाही तिथून उठून दुसरीकडे जायचं, कोणी वाईट वाटून घ्यायचं नाही. माझ्या मते सगळी पद्धत या एका नियमावर उभी आहे. नेहमीच्या परिषदेत ऐकणारा खुर्चीत अडकलेला असतो, सगळी ताकद माईकवाल्याकडे. इथे ऐकणारा उठून जाऊ शकतो हे बोलणाऱ्याला माहीत असतं, त्यामुळे बोलण्याची तऱ्हाच बदलते.

---

खिडकीपाशी

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. एक छोटी भर, आमच्याकडे दोन पायांच्या नियमाला आता गतिशीलतेचा नियम म्हणतात, कारण सगळेच दोन पायांवर चालत नाहीत. तुमच्या गटात तर हे पहिल्याच मिनिटाला लक्षात येईल. आणि नाव बदलून भागत नाही, दोन कोपऱ्यांमध्ये चाकाची खुर्ची आरामात फिरेल एवढी वाट हवी, वरच्या मजल्यावर सत्र ठेवायचं तर लिफ्ट हवी, नाहीतर उठून जायची मुभा काहींनाच मिळते.

---

टर्मिनल

सॉफ्टवेअरवाल्यांच्यात हे फार मुरलंय. २००३ पासून ओरायली प्रकाशनाचं फू कॅम्प व्हायचं, तिथे कार्यक्रम आलेले लोकच ठरवायचे पण आमंत्रण असेल तरच प्रवेश. मग २००५ च्या ऑगस्टमध्ये काही जणांनी ठरवलं की आपण सर्वांसाठी खुलं करू आणि आठवड्याच्या आत जमवाजमव करून पालो अल्टोमध्ये एका कंपनीच्या ऑफिसात पहिलं बारकॅम्प केलं. पद्धत उघड्यावर मांडून ठेवली की कोणीही उचला आणि आपल्या गावात करा, त्यामुळे ते जगभर पसरलं. प्रेक्षक नाहीत, सगळे सहभागी, हे त्यांचं म्हणणं, म्हणजे आलात तर काहीतरी घेऊन या, सत्र घ्या नाहीतर टिपणं लिहा नाहीतर खुर्च्या लावायला मदत करा.

अवांतर: हॅशटॅग आज सगळीकडे आहे, तो ट्विटरवर असा वापरूया हे २००७ मध्ये ख्रिस मेसिनाने सुचवलं तेव्हा उदाहरण म्हणून त्याने बारकॅम्प हाच शब्द घेतला होता. मेसिना स्वतः पहिल्या बारकॅम्पच्या आयोजकांपैकी एक.

---

सावध_पाऊल

मी जरा वेगळं लिहितो, राग मानू नका. मी अशा एका अनकॉन्फरन्सला गेलो होतो, नाव नाही घेत. सकाळी सांगितलं की फळा रिकामा आहे, तुमचाच कार्यक्रम आहे, करा सुरू. शांतता. मग जे चारपाच जण एकमेकांना आधीपासून ओळखत होते ते उठले आणि पटापट सगळी घरं भरून टाकली. दिवसभर त्यांचीच सत्रं, तेच बोलतायत आणि बाकीचे ऐकतायत. म्हणजे भाषणंच झाली, फक्त तयारी न करता केलेली. एक मुलगी तर माझ्या शेजारी कागद हातात घेऊन बसली होती, लिहिलेला कागद, संध्याकाळी तो पर्समध्ये घालून घरी गेली. मला ते अजून दिसतं.

नेहमीच्या परिषदेत निदान निवड समिती असते, कोणाला का घेतलं ते विचारता येतं. इथे सत्ता नाही असं म्हणतात, पण ती असतेच, फक्त दिसत नाही आणि त्यामुळे तिला प्रश्नही विचारता येत नाही. ज्याचा आवाज मोठा, ज्याची भाषा सफाईदार, ज्याची ओळख जास्त त्याचं चालतं. कोरा_फळा, तुमच्या त्या कार्डवाल्या बाई भर गोलात १२० लोकांसमोर उठून नाव सांगून विषय वाचतील असं खरंच वाटतं का तुम्हाला?

---

कोरा_फळा

@सावध_पाऊल, रागवायचं काय त्यात, हेच ऐकायला धागा काढला. तुमचा शेवटचा प्रश्न वाचून थांबले. नाही, नाही वाचणार त्या. मग काय करायचं?

---

जुनी_पायवाट

सावध_पाऊल यांनी लिहिलंय ते खरं आहे आणि मी पण एकदा अगदी हेच करून बसलोय म्हणून लिहितो. मोकळं सोडलं की आपोआप होतं हा सर्वात मोठा गैरसमज. वक्ते शोधायचं काम वाचतं, पण ते दुसरीकडे जातं, आमंत्रणात, पहिल्या तासात आणि टिपणांत. ही तीन कामं केली नाहीत तर पद्धत फसते आणि दोष पद्धतीला लागतो.

आमंत्रणाचं आधी. नुसतं "या, चर्चा करू" नाही चालत. एक खरा, सगळ्यांना भिडणारा प्रश्न हवा. तुमच्या बाबतीत समजा "जे मूल बोलत नाही त्याचं म्हणणं आपण वर्गात कसं ऐकतो" असा. तो महिनाभर आधी पाठवायचा आणि सोबत लिहायचं की येताना एक जमलेली गोष्ट आणि एक अडलेली गोष्ट घेऊन या. माणूस घरूनच कागद मनात तयार करून येतो, तिथे शांतता पडत नाही.

पहिला तास. १२० जणांच्या गोलात थेट उठायला लावू नका. आधी दोघादोघांना १० मिनिटं बोलू द्या, मग चौघांना, आणि चौघांतून जे विषय निघतील ते कागदावर. विषय कोणीही वाचला तरी चालेल, तुमच्या बाईंचा विषय त्यांची जोडीदारीण वाचेल, "हा यांचा विषय आहे आणि मला तो ऐकायचाय" म्हणून. एवढ्या एका बदलाने माझ्याकडे फळ्यावरचे हात बदलले. आणि एका माणसाचे दोनापेक्षा जास्त कागद नाहीत हे आधीच सांगून टाकायचं. काही घरं दुसऱ्या दिवसासाठी मुद्दाम रिकामी ठेवायची, लाजरे लोक दुसऱ्या दिवशी उठतात हे मी दरवेळी पाहिलंय.

---

मधली_खुर्ची

ओपन स्पेस एकटंच नाही हो, बाकीचेही प्रकार आहेत आणि ते मिसळता येतात.

माझा आवडता म्हणजे फिशबोल. मधे ५ खुर्च्या गोलात, बाकी सगळे बाहेरच्या गोलांत. बोलायचं फक्त मधल्यांनी, पण मधली एक खुर्ची कायम रिकामी. बाहेरच्या कोणालाही बोलावंसं वाटलं की येऊन तिच्यावर बसायचं, आणि तो बसला की आधीच्या चौघांपैकी एकाने आपणहून उठायचं. माईक फिरवायला नको, "मला एक छोटासा प्रश्न विचारायचाय" म्हणून दहा मिनिटांचं भाषण नको. मोठ्या गटात वादाच्या विषयाला याच्यासारखं काही नाही. फक्त सुरुवातीला मधे बसणारे चौघं असे निवडा की ज्यांना उठता येतं.

दुसरं वर्ल्ड कॅफे. हे १९९५ मध्ये हुआनिता ब्राउन आणि डेव्हिड आयझॅक्स यांच्या घरी, कॅलिफोर्नियातल्या मिल व्हॅलीत, जवळपास अपघाताने जमलं. पाऊस पडत होता म्हणून आत छोटी टेबलं मांडली, वर कागद पसरले, लोक बोलता बोलता त्या कागदांवरच लिहायला लागले आणि थोड्या वेळाने कोणीतरी म्हणालं टेबलं बदलूया. आज करतात ते असं, टेबलाला चार-पाच जण, २० मिनिटांची फेरी, फेरी संपली की सगळे वेगवेगळ्या टेबलांवर, एक यजमान मात्र तिथेच राहतो आणि नव्यांना आधीचं सांगतो. १२० जणांचे एकमेकांशी धागे जुळवायचे असतील तर पहिल्या दुपारी हे करा.

आणि छोट्या गटाला लीन कॉफी, २००९ मध्ये सिएटलमध्ये सुरू झालं. विषय चिठ्ठ्यांवर, प्रत्येकाने ठिपके देऊन मतं द्यायची, जास्त मतांचा विषय आधी, ५ ते ८ मिनिटांचा गजर. वाजला की अंगठे, वर म्हणजे अजून बोलू, खाली म्हणजे पुढचा विषय. आमच्या नेहमीच्या मीटिंगा पण आम्ही आता अशाच घेतो.

---

शोधनिबंध

धाग्यात एक अडचण कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. मी विद्यापीठात आहे. आमच्याकडे परिषदेला जायची परवानगी आणि खर्च मिळतो तो निबंध वाचणार असाल तरच. कार्यक्रमपत्रिकेत नाव छापलेलं दाखवावं लागतं. "तिथे गेल्यावर ठरणार आहे" असं अर्जात लिहिलं तर तो परत येतो. कितीही पटलं तरी या कारणाने माझ्यासारखे लोक अशा ठिकाणी येऊ शकत नाहीत, आणि मग "जे आले तेच योग्य" म्हणताना जे येऊच शकले नाहीत त्यांचं काय हा प्रश्न राहतो.

---

टर्मिनल

@शोधनिबंध, फार महत्त्वाचं लिहिलंत. यावर एक चांगलं उदाहरण आहे. इंटरनेट आयडेंटिटी वर्कशॉप म्हणून २००५ पासून वर्षातून दोनदा भरतं, ऑनलाइन ओळख, लॉगिन वगैरे विषयावर, पूर्ण ओपन स्पेस. प्रत्येक सत्रात कोणीतरी टिपणं लिहितं, कोणी विषय काढला, कोण होतं, काय ठरलं, आणि ती सगळी एकत्र करून नंतर चक्क पुस्तक होतं. म्हणजे नाव छापलेलं असतं, फक्त आधीऐवजी नंतर. हे दाखवून परवानगी मिळवणारे लोक मला माहीत आहेत. आयोजकांनी आधी एक पत्र द्यायचं की प्रत्येक सहभागी चर्चेत योगदान देणार आहे आणि त्याची नोंद प्रसिद्ध होणार आहे, त्याने बराच फरक पडतो.

विद्यापीठांच्या जगातही हे अगदीच परकं नाही. जर्मनीत श्लॉस डागश्टूल म्हणून संगणकशास्त्राचं केंद्र आहे, १९९० मध्ये स्थापन झालं, तिथे आठवडाभराची सेमिनार असतात आणि कार्यक्रम बराचसा आलेले संशोधकच ठरवतात. जेवायला कोण कोणाशेजारी बसणार हेही लॉटरीसारखं ठरतं, म्हणजे आपापल्या टोळीत बसणं होत नाही. नोबेल मिळवलेल्याच्या तोडीचा माणूस आणि नुकता पीएचडीला लागलेला शेजारी शेजारी.

---

खिडकीपाशी

टिपणांवरून आठवलं. तुमच्याकडे मुलांबद्दल, पालकांबद्दल बोललं जाणार. सुरुवातीलाच सांगा की मुलाचं नाव, शाळेचं नाव घ्यायचं नाही, आणि चॅटम हाउस या लंडनच्या संस्थेचा नियम लावा, १९२७ पासूनचा आहे, इथे ऐकलेलं वापरायला मोकळे आहात पण कोण म्हणालं ते बाहेर सांगायचं नाही. शिक्षक आपली चूक तेव्हाच सांगतात जेव्हा ती वरिष्ठांपर्यंत जाणार नाही याची खात्री असते. मग टिपणात विषय काढणाऱ्याचं नाव घाला, वाक्यांना नावं लावू नका.

---

सावध_पाऊल

जुनी_पायवाट, पटलं. जोड्यांचं आणि दोन कागदांच्या मर्यादेचं विशेष.

तरी एक मुद्दा सोडवत नाही. सगळंच चर्चेतून मिळत नाही. एखादी नवी चाचणी कशी घ्यायची, एखादा कायदा बदलला तर काय बदललं, हे ज्याला माहीत आहे त्याने नीट तयारी करून ४० मिनिटं सांगावं आणि आपण गप्प बसून ऐकावं हेच बरं. १५ जणांना अर्धवट माहीत असलेली गोष्ट चर्चा करून पूर्ण होत नाही, उलट चुकीची माहिती पक्की होते. औषधांच्या बाबतीत तर भीतीच वाटते.

---

मधली_खुर्ची

१०० टक्के सहमत. उत्तर ठरलेलं आहे तिथे व्याख्यान, उत्तर प्रत्येकाच्या वर्गात वेगळं आहे तिथे ओपन स्पेस. दोन्हीची गल्लत केली की दोन्ही वाया.

---

कोरा_फळा

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचून काढलं, गटातही दाखवलं. ठरलंय ते असं. पहिली सकाळ दोनच व्याख्यानं, दोन्ही माहितीची, तयारी केलेल्या लोकांची. मग वर्ल्ड कॅफेच्या दोन फेऱ्या, त्यातून जोड्या आणि फळा. पहिली दुपार आणि दुसरा पूर्ण दिवस ओपन स्पेस, ७ कोपरे. शेवटी फिशबोल. पत्र सगळ्यांना देणार. बीजभाषण रद्द केल्यावर गटातले ज्येष्ठ सर नाराज झाले होते, त्यांच्याकडे जाऊन बसले, हा धागा वाचायला दिला, शेवटी म्हणाले मी एका कोपऱ्यात बसेन आणि ज्याला यायचं तो येईल. मला भरून आलं.

झालं की येऊन लिहिते.

---

कोरा_फळा (चार महिन्यांनी)

धागा वर काढतेय, लिहायचं कबूल केलं होतं.

११४ जण आले. फळ्यावर एकूण ३४ कागद लागले, त्यातल्या ३ विषयांना कोणीच आलं नाही, त्या तिघींपैकी दोघी दुसऱ्या कोपऱ्यात गेल्या आणि एक थोडी हिरमुसली, तिच्याशी नंतर बोलले. म्हणजे ३१ सत्रं झाली. एका सत्रात सावध_पाऊल म्हणाले होते तेच झालं, एक जण ५० मिनिटं बोलले, पण १८ जणांपैकी शेवटी ६ उरले होते आणि त्यांनी स्वतःच थांबून विचारलं की तुम्हाला काय वाटतं. लोक उठतायत हे बघणं आयोजक म्हणून पहिल्यांदा फार जड गेलं, सारखं वाटत होतं की जाऊन थांबवावं.

लेखनिक आधी नेमले नव्हते, ही आमची चूक. पहिल्या दिवशीच्या चार सत्रांची टिपणं नुसती दोन-दोन ओळींची आहेत. दुसऱ्या दिवशी प्रत्येक कोपऱ्यात वही आणि "लिहिणार कोण" हा पहिला प्रश्न, मग नीट झालं.

सर कोपऱ्यात बसले होते. तिघं आले. दोन तास चाललं, जेवायला उशीर झाला तरी उठले नाहीत. विषय होता निवृत्तीनंतरही ज्या एका मुलाची आठवण जात नाही त्याच्याबद्दल. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

आणि त्या कार्डवाल्या बाई. पहिल्या दिवशी त्यांनी कागद लावला नाही. जोडीत बोलल्या, जोडीदारीण म्हणाली मी वाचते, तर नको म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्याशी आल्या, रिकामी घरं बघितली आणि स्वतःच लिहिलं, "चित्रकार्ड, माझं दोनदा फसलं ते कसं". २३ जण होते, खुर्च्या पुरल्या नाहीत. चहाची वेळ झाली तेव्हा कोणीतरी माझ्याकडे बघितलं, उठायचं का म्हणून. मी चहा तिकडेच पाठवला.

टिपणांचं टायपिंग चालू आहे, ३१ पैकी २२ झालीत. कोणाला हवी असतील तर व्यक्तिगत निरोप करा, नावं काढलेली प्रत पाठवते.